उसाला गेलेल्यांची हजेरी

गुरुजी,

हजेरीचा तो आवाज अजून कानात आहे. दिवाळीनंतर निम्मी शाळा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची, तरी तुम्ही एकही नाव गाळत नव्हता. नाव घ्यायचं, थांबायचं, आणि मागं राहिलेली आम्ही पोरं एका सुरात म्हणायचो, "उसाला." पुन्हा नाव, पुन्हा "उसाला." मला ते कवितेच्या ध्रुवपदासारखं वाटायचं. एकदा मी चाल लावून म्हटलं, तर तुम्ही खडू फेकून मारलात. "गाणं हाय का रे ते? माणसं हायेत ती."

पुढं मी त्याच शाळेत मास्तर झालो आणि पहिल्याच हिवाळ्यात गेलेल्यांची नावं घ्यायचं सोडून दिलं. तेवढ्या वेळात एक कविता जास्त होते, असं मनाला सांगितलं. भूगोलात तुम्ही शिकवलं होतं, पाऊस पश्चिमेच्या डोंगराला अडतो आणि आपल्या आष्टीकडं उरलासुरला येतो. अडलेल्या पावसाला भेटायला आपली माणसं डोंगराकडं निघतात, असं मी वर्गात रंगवून सांगायचो. तिकडं माणूस कसा मोजतात ते मात्र सांगत नव्हतो. मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला टोळीत कुणी घेत नाही. त्यामुळं आमच्याकडं लग्नाची घाई वयाला नसते, हंगामाला असते.

बाजार खुला झाला, आता जगातलं काम आपल्या दारात येणार, असं रेडिओवर रोज सांगत होते, त्या वर्षीची गोष्ट. सातवीतल्या एका मुलीचा बाप माझ्या टेबलाशी उभा आहे. सामुदायिक लग्नात नाव घालायला त्याला वयाचा दाखला हवाय.

"मास्तर, अठरा लिवा."

"दोन वर्षं बुडाली, तरी पंधराचीच आहे ती."

"मंग घरी एकली ठिवून सा महिने जाऊ? तुमी राखण बसताव का? जावई अर्धा हाय, मुकादम घ्यायना त्याला."

मी राखण बसणार नव्हतो. रजिस्टर उघडलं आणि आकडा बदलला. मुलगी चौकटीला टेकून बघत होती. "गुरुजी, माझी कविता ऱ्हायली म्हणायची." मी म्हणालो, "उद्या म्हण." वर्गात सगळ्यांत चांगलं तीच म्हणायची. दुसऱ्या दिवशी मी तिच्या नावावर रेघ ओढली.

दसरा झाल्यापासून टोळ्यांचे ट्रक रस्त्यानं भोंगे देत जातायत आणि निवृत्त होऊनही माझा पाय घरात ठरत नाही. हे पत्र तीनदा सुरू करून फाडलं. तुमच्याकडून नेमकं काय हवंय तेही कळत नाही. माफी म्हणावं, तर ती तुमच्याकडं मागायची नाही. तुम्ही आज हयात असतात तर मी एवढंच विचारलं असतं, की

मध्येच उठावं लागलं. दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती, हाताला कोयत्याचे घट्टे, केस माझ्याइतके पिकलेले. मी विचारलं, "कोण?"

"वळखलं न्हाई व्हय? तुमच्या सातवीतली. उसाला गेल्ती, ती."

मी दार पूर्ण उघडलं. तीच बोलत राहिली. "पोरगी हितं माहेरी ठिवून शिकवली म्या. नववीला हाय. आन् मालक आत्ताच शाळंकडं गेलेत, दाखल्यावर तिचं वय वाढवून आणायला. तुमी चला गुरुजी. हेडमास्तर तुमचं आयकतील."

"माझं कशाला ऐकतील?"

"कसं वाढवत्यात ते तुमाला म्हाईत हाय. समद्यांसमोर सांगा."

ती ओसरीवर उभी आहे, बस म्हटलं तरी बसत नाही. मी चष्मा शोधायला म्हणून आत आलोय आणि हे लिहितोय. गुरुजी, चष्मा डोळ्यांवरच आहे.