मुरलीचा उजवा कान

४ ऑगस्ट
एका थपडीची खरी किंमत: कानाचा डॉक्टर, स्कॅन, तिरुचीच्या दोन फेऱ्या, वकील. मिळून एकोणतीस हजार. शिवाय मुरलीला उजवीकडून हाक मारली तर तो वळत नाही, ते कुठं मांडू? ठाण्याच्या एस.आय.नं, म्हणजे फौजदारानं, गाडीचे कागद मागितले, पोरानं "का सार?" एवढंच विचारलं, म्हणून ठाण्यात नेऊन मारलं. तीन महिने झाले, दिल्लीच्या मानवाधिकार आयोगाकडे तक्रार धाडलीय. मी पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. बेअरिंग गेलंय की नाही ते नुसतं ऐकून सांगतो. आणि माझ्याच पोराचा...

७ ऑगस्ट
सरसू हल्ली जेवताना मुरलीच्या डावीकडे बसते. सत्तावीस वर्षांची स्वतःची जागा सोडली, कुणाला बोलली नाही. मुरली म्हणाला, "आई, ओरडू नको. बहिरा नाही मी, अर्धाच आहे." दोघं हसली. मी हात धुवायला उठलो.

११ ऑगस्ट
दुकानात रिटायर्ड हेड कॉन्स्टेबल. जुनं गिऱ्हाईक, हक्कानं प्यायला कापी मागतो. "अण्णा, तक्रार मागं घ्या. एस.आय. अडीच लाख देतोय. पोराला रोज ह्याच रस्त्यानं जायचंय ना?" आवाज तुपातला. शेवटच्या वाक्याला मात्र घरघर होती.
सरसूचं पहिल्यापासून एकच: "पैसे नकोत. त्यानं मुरलीसमोर उभं राहून 'चुकलो' म्हणावं."

१२ ऑगस्ट
हो म्हणून आलो. सरसूला सांगितलं नाही. इथं लिहितो. गावात घरी मराठी बोलणारे पुष्कळ, पण शाळा सगळ्यांची तमिळ; मराठी वाचणारे किती? मी बालबोधी अक्षरांचं पुस्तक घेऊन, दुकानात बसून एकट्यानं शिकलो. ह्या घरात ही अक्षरं वाचणारा मी एकटा. वहीला कुलूप नको.
तर खरं ते: भीती वाटते. पोराचा एक कान अजून शाबूत आहे.

१८ ऑगस्ट
तडजोडीचा कागद आला. सही मुरलीची हवी. पेन पुढं केलं.
"आईला माहीत आहे?"
"सांगतो."
"मग आधी सांगा, अप्पा."
कागद ह्याच वहीखाली ठेवलाय.

२० ऑगस्ट
आज सांगणार होतो. सरसूनं कापी आणली, शेजारी बसली. हे ती कधी करत नाही.
"घाबरलात ना?"
"कशाला?"
"काही नाही. प्या, निवतेय."
नाही सांगितलं.

२२ ऑगस्ट
दिल्लीच्या आयोगाचं पत्र. तक्रार घेतली, पोलिसांकडून अहवाल मागवलाय. एक पान इंग्रजी, एक हिंदी. मी चष्मा शोधतोय तोवर सरसूनं हिंदी पान उचललं आणि मुरलीच्या डाव्या कानाशी घडाघडा वाचलं. कुठं अडली नाही.
"हे कधी शिकलीस?"
"पापनाशमला, लग्नाआधी. हिंदीच्या चार परीक्षा दिल्यात मी. तुम्ही कधी विचारलंत?"
कागदावर अजून सही नाही.
हिंदीची आणि मराठीची अक्षरं एकच.