यानांग देवी रागावलेली नाही

सुरिन, सोमवार, २३ जून

ती. आईंना चम्पूचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघे कसे आहेत? इथे ताईचं घर लहान आहे, पण चिकट भात पोटभर मिळतो. उजव्या हाताचं प्लास्टर निघालेलं नाही, म्हणून हे डाव्या हाताने गिरगटतेय.

तुम्ही लिहिता, गाडीची यानांग देवी कोपली. मी येऊन हार घालावा, पाया पडावं, म्हणजे प्रासोंगचा चेहरा बरा होईल. आई, देवीला कशाला मध्ये घेताय?

तुमचा लेक रोज सकाळी गाडीतल्या आरशाला देवीचा हार बांधायचा, हात जोडायचा आणि पिकअप सुरू करायचा. बॉनेट त्याने कधी उघडलं नाही. त्याच्याआधी उठून तेलाची काठी मी बघायचे, गार इंजिनात पाणी मी भरायचे. तो गावभर सांगायचा, "आपली देवी जागृत आहे, गॅरेजचं तोंड बघावं लागत नाही!" मी हसायचे.

पाणी गळतंय, नळी बदला, एवढंच मी त्या दिवशी म्हटलं. "आता बायको मला गाडी शिकवणार?" म्हणत त्याने चाकाचा पाना उचलला. तुम्ही दारातच होतात. हाड मोडल्याचा आवाज तुम्हीही ऐकलात, आणि आत जाऊन टीव्ही मोठा केलात.

त्यानंतर मी बॉनेटला हात लावला नाही. हात होता कुठे? मी इकडे पळून आले, तर तो कोयता घेऊन गाडीतून मागे निघाला. ताईला फोनवर म्हणाला, "दार उघडं ठेव, तुकडे करून नेतो तिला." आम्ही दाराला कपाट लावून बसलो. तो आलाच नाही. वाटेत पुलावर इंजिन उकळलं. हार जागच्या जागी होता म्हणे. त्याने तिरमिरीत रेडिएटरचं तापलेलं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी तोंडावर उडालं. सालटी निघाली, डोळा गेला.

ते ऐकून मी पोटभर जेवले. खोटं कशाला सांगू?

मी येणार नाही. गाडी आता धाकटे भावोजी चालवणार असतील तर त्यांना सांगा, रोज निघण्याआधी तेल-पाणी बघा. तापमानाचा काटा चढला की थांबा. गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. हार खुशाल घाला.

चाक बदलायला पाना शोधू नका. तो मी आणलाय, इथे दाराच्या आत टांगलाय.

आता कुणाचीच सून नसलेली,
चम्पू