उजवीकडची पट्टी

३ एप्रिल
आणखी एक हेडफोन वाया! मंडळाची भजनं हिंगोलीत रेकॉर्ड करून आणली. त्यात पेटी आहे, मृदंग आहे, विश्वंभरबुवांचा खोकलासुद्धा आहे. माझे टाळ तेवढे नाहीत. बावीस वर्षं टाळ धरतोय, आणि रेकॉर्डिंगमध्ये मीच गैरहजर. बुवा म्हणतात, "हायेत की, चांगले ठणठणीत हायेत." खोटं समाधान करायला बुवांचं काय जातं.

दोष हेडफोनचा. दुकानदार म्हणाला होता, "काका, बेस सुनो, बेस." ऐकला. कानात हळद पॉलिश करायचा लोखंडी ड्रम फिरल्यासारखं वाटलं. तो मी कारखान्यात दिवसभर ऐकतोच. घरी आणखी कशाला?

५ एप्रिल
प्रतिक्षाचा नांदेडहून फोन. लेक शिकते फार्मसी, सल्ले देते सगळ्याचे. म्हणाली, कानाच्या आत बसणारे इयरफोन घ्या, रबरी टोप्या बदलून बघा. घेतले. लहान टोपी शर्टात पडली, मोठीनं कान दुखला, मधली बसली. आता बुवांचा श्वासही स्पष्ट ऐकू येतो. केवढं भाग्य! टाळ नाहीत.

८ एप्रिल
मोबाइलमध्ये इक्वलायझर सापडला. दहा पट्ट्या. डावीकडच्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक. शेवटची उजवी पट्टी पार वर नेली — टाळ आले! पुसट, पण माझेच.

९ एप्रिल
डावीकडच्या चार खाली, उजवीकडच्या चार छताला. आता कुठं गाणं गाण्यासारखं लागतंय. कंपनीनं इंजिनिअर ठेवण्याऐवजी मला विचारायचं होतं.

१२ एप्रिल
भजन मध्येच थांबवून बुवा म्हणाले, "उकंडराव, जरा हळू. टाळ लई कडक वाजून राहिले." या वर्षातली चौथी वेळ. रेकॉर्डिंगलाही मला माइकपासून लांब, दाराशी बसवलं होतं. आता कळतंय. चोवीस तारखेला एकादशी, तेव्हा दुसरं रेकॉर्डिंग आहे, आणि टाळ मंडळातल्या नवख्या वसरामकडे द्यायचं घाटतंय म्हणे. वसराम! त्याला ठेका धरायला अजून पाय हलवावा लागतो.

माझ्याकडून टाळ काढून घेणार? बुवांना माझ्या पट्ट्या लावून ऐकवतोच.

१३ एप्रिल
ऐकवलं. दोन सेकंदांत इयरफोन काढून फेकला. "सुया घातल्या काय कानात?"
अशांच्या हाती संगीत.

२० एप्रिल
प्रतिक्षा आली. तिला ऐकवलं. तिनंही तोंड वाकडं केलं आणि दहाही पट्ट्या मधोमध आणल्या. "बाबा, टाळ तर सगळ्यात पुढं हायेत." मी ऐकलं. नव्हते.

मग तिनं इयरफोन काढून ठेवला आणि फोनवर एक शिट्टी लावली. जाड आवाजापासून बारीक होत जाणारी. बंद झाली की सांगा, म्हणाली. मी सांगितलं, झाली. तिनं फोन माझ्या कानाजवळ आणला. "वाजून राहिलीय, बाबा."

म्हटलं, तुझा फोन बिघडलाय. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको, सुमन, ओरडली, "अवो, ते काय किर्र लावलंय? बंद करा ना."

फोन शांत होता. माझ्यासाठी.

ड्रमवर किती वर्षं झाली, तिनं विचारलं. एकोणीस. कानात कधी काही घालत होता? म्हटलं, कापूस थंडीत घालतात. मी हसलो. ती हसली नाही. नांदेडला कान तपासायला नेणार आहे. गेलेलं परत येत नाही, हेही तिनं सांगितलं.

भीती वाटतेय. तिच्यापुढं बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

२१ एप्रिल
म्हणजे बुवा खरं बोलत होते. हे मान्य करणं कान जाण्यापेक्षा जड आहे.

२४ एप्रिल
टाळ मी स्वतःच वसरामच्या हातात दिले. रेकॉर्डिंगला समोर बसलो. सुरुवातीला त्यानं एकदा टाळ वाजवून हात अलगद उघडले. मला पितळ आपटल्याचा ठक्क ऐकू आला, बस. बुवा डोळे मिटून नाद ऐकत होते. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते उघडले तेव्हा कळलं, नाद संपला.