वाटेल ते म्हणजे किती किलोवॅट

बाबा,

गच्चीवर सोलर बसवून दीड महिना झाला, पण पॅनेल नुसती ऊन खात पडली होती. दिवसा उरलेली वीज कंपनीला द्यायची आणि तेवढे युनिट बिलातून वजा करून घ्यायचे, तर येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर लागतो. त्याला मंजुरी लागते, मंजुरीला कागद लागतात. म्हणून तुमचं कपाट उघडलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली तरी आपल्या कोथरूडच्या घराचं बिल तुमच्याच नावावर येतं. नाव बदलायचा कंटाळा केला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर दर महिन्याला तुमच्या नावाचं काहीतरी घरात येतं, ते मला बंद करायचं नव्हतं.

सोलरवाल्याने आधीच घाबरवलं होतं. "मॅडम, मंजूर भारापेक्षा मोठं सोलर बसत नाही. जुन्या घरांना दोन-तीन किलोवॅट असतो, आधी तो वाढवावा लागेल." मग त्याने बिल पाहिलं. "अरे वा, तुमचा तर आठ आहे! कोणी घेऊन ठेवला एवढा?" घराला एका वेळी किती वीज वापरता येईल ते सांगणारी बिलावरची ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

उत्तर तुमच्या तपकिरी फाइलीत होतं. अठरा वर्षांपूर्वी, हिंजवडीतल्या नोकरीचं माझं दुसरं वर्ष. मला एसी हवा आहे, त्यासाठी भार वाढवून हवा आहे, आणि तुम्ही त्याच वीज ऑफिसातून निवृत्त झालेले. मी म्हणते, "एक फोन करा ना, सगळे तुमच्या हाताखालचे आहेत." तुम्ही म्हणता, "ओळख चहापुरती. अर्ज खिडकीवर." तीन सकाळी तुम्ही रांगेत उभे राहिलात. तिसऱ्या दिवशी कुठला तरी फॉर्म नव्याने भरायला घरी आलात, तेव्हा मी स्वयंपाकघरात आईसमोर म्हणाले, "तीस वर्षं नोकरी केलीत, आणि बसायला साधी खुर्ची देत नाहीत तुम्हाला तिथे?"

तुम्ही पाणी प्यायलात. मग विचारलंत, "एसीशिवाय आणखी काय काय आणणार आहेस?"

"वाटेल ते आणीन!"

"वाटेल ते म्हणजे किती किलोवॅट, तेवढं सांग."

मला तो टोमणा वाटला. मी दार आपटून कंपनीची बस गाठली. आता अर्जाची कार्बन प्रत हातात आहे. मागितलेला भार आठ किलोवॅट, आणि कारणापुढे तुमच्या सरळ अक्षरात, 'मुलगी पुढे आणखी उपकरणे घेणार आहे.' तुम्ही खरंच विचारत होतात, बाबा. हातात पेन होतं तुमच्या, आणि मी ते पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीबद्दलच्या त्या वाक्याची माफी मागायला त्यानंतर चार वर्षं हाताशी होती. रोज एकत्र जेवत होतो आपण.

प्रत वाचून खूप रडले. यावेळी सगळं तुमच्यासारखं करायचं ठरवलं. नाव बदलण्याचा अर्ज रीतसर केला, नेट मीटरचा केला, ऑफिसात दोन फेऱ्या मारल्या, रांगेतही उभी राहिले. काल मीटर बसला. जुन्या मीटरसारखं फिरणारं चाक नाही त्याला, तुम्हाला आवडला नसता.

तिसऱ्या फेरीला मात्र गेले नाही. माझ्या वर्गातला एक जण तिथे वरच्या जागेवर आहे. त्याला फोन केला.