भिंतीकडचा डोळा

दादा,

बाजारात गाय बांधताना तिचा लाल, पाणी गळणारा डोळा तू भिंतीकडे ठेवलास आणि व्यापाऱ्याकडून निरोगी गाईचा भाव घेतलास. त्यानं ती आमच्याच दारात आणली. माहेरची गाय म्हणून मी डोळाही न बघता ठेवून घेतली.

माश्यांनी डोळ्यांची साथ गोठाभर नेली. माझ्या दोन्ही कालवडींच्या डोळ्यात पांढरं फूल पडलंय, गिऱ्हाईक दारातूनच माघारी फिरतं. सासूबाई रोज पहाटे कालवडींचे डोळे मीठ-पाण्यानं पुसतात, तेच जास्त लागतं.

आणि तू फोनवर म्हणतोस, "मी येऊन विकून देतो, कशा बांधायच्या मला ठाऊक आहे."

हे पत्र टाकणार नाही. तुझी पत्रं आई उघडते, तिला अजून तुझं कौतुक आहे.

पण येऊ नकोस. कालवडी मीच बांधल्यात, फूल पडलेले डोळे रस्त्याकडे करून.

तुझी धाकटी बहीण