वीरेश शेटेला माझ्याकडचं काहीही मिळू नये

मी, अंगद धुळाजी देवकते, वय सव्वीस, धंदा मेंढपाळी, शिक्षण वकिलीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, राहणार चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे. मी दारूला शिवत नाही. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण तापलेलं डोकं कायद्याने वेडं ठरत नाही. माझ्यावर कुणी बळजबरी केलेली नाही आणि करून पाहावी अशी कुणाची छातीही नाही.

कलम १. कारण. आज मला बीडच्या कोर्टात सुंदरराव यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची आहे. सुंदरराव म्हणजे बुडालेल्या पतसंस्थेचे चेअरमन. लोकांच्या ठेवी गेल्या आणि यांनी कोर्टात अर्ज टाकला की मी नादार झालो, माझ्याकडे देण्यासारखं काहीच उरलेलं नाही. काल ते मला गेवराईच्या रस्त्यावर भेटले. गाडीची काच खाली करून लई गोड आवाजात म्हणाले, "अंगदराव, बीडचा रस्ता फार खराब झालाय. जपून जा. तुमच्या वडिलांना तुम्ही एकटेच." मला 'अंगदराव' म्हणणारा माणूस आजवर भेटला नव्हता. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम २. मेंढरं. माझी स्वतःची अकरा मेंढरं आहेत, उजव्या कानाला एक खाच असलेली. वडिलांच्या कळपात बाकीची चाळीस आहेत, त्यांच्या डाव्या कानाला दोन खाचा. ती सुंदररावांची. त्यांनी ती आम्हाला अर्धलीने दिली, म्हणजे चारायची आम्ही, मालकी त्यांची, पिल्लं आणि लोकर निम्मी निम्मी. आमच्यात याचा कागद होत नाही. झाडाखाली शब्द होतो. माझ्या साक्षीने ही चाळीस जप्त होतील आणि आमचा निम्मा वाटाही त्यांच्याबरोबर जाईल. वडील यावरून माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यामागे माझी अकरा वडिलांना द्यावीत. ते नको म्हणतील. तर आईने, सत्यभामाबाईने, ती गुपचूप त्यांच्या कळपात सोडावीत. खाच पाहून ते ओळखतील, पण काही बोलणार नाहीत. मी त्यांचाच आहे, मला त्यांचं न बोलणं कळतं.

कलम ३. काळा कोट. वकील होण्याआधीच शिवून घेतला होता. तो मित्र नाथा खटके याने स्वतःच्या लग्नात घालावा. खांद्यात सैल होईल, दुरुस्त करून घ्यावा. मोटारसायकलही नाथालाच. तिचे ब्रेक लागत नाहीत, हे त्याला माहीत आहे. हा कोट कोणत्याही परिस्थितीत अ‍ॅडव्होकेट वीरेश वैजिनाथ शेटे याच्या अंगावर दिसू नये.

कलम ४. सदर वीरेश शेटे याच्याविषयी. हा बीडच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, माझा वर्गमित्र. दुसऱ्या वर्षी कॉलेजात खोटं कोर्ट भरवलं होतं. मी एका बाजूने वकील, तो दुसऱ्या बाजूने. न्यायाधीशाच्या खुर्चीत आमच्याच वर्गातली ऋतुजा. तिने निकाल त्याच्या बाजूने दिला. मी उभा राहून म्हणालो, "हे न्यायालय विकलं गेलंय," आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. माझं आजही तेच मत आहे.

त्यानंतर या माणसाने नादारीचे आणि आर्थिक फसवणुकीचे खटले धरले. त्याच्या एकूण एक मोठ्या तारखेला मी मागच्या बाकावर बसलेलो आहे. त्याच्या सख्ख्या वडिलांनी पाहिली नसतील एवढी त्याची वकिली मी पाहिली. पहिला खटला जिनिंगवाल्याचा. मालक म्हणे गिरणी वर्षभर बंद, मी धुळीला मिळालो. वीरेशने विजेचं बिल पुढे केलं आणि हळू आवाजात विचारलं, "बंद गिरणीला एवढी वीज कशाला लागते?" संपला विषय. हा प्रश्न माझ्याही मनात आला होता, पण मी मागच्या बाकावर होतो.

दुसरा खटला सराफाचा. भिशीचे पैसे बुडवले आणि उरलेलं सोनं बायकोचं स्त्रीधन म्हणून दाखवलं. तिथे वीरेश हरला. मी त्या दिवशी नाथाला पेढे दिले. नाथा म्हणाला, "कावून बे, पोरगं झालं का काय?" पेढे परत घेण्याचा माझा विचार नाही.

तिसरा हा, सुंदररावांचा. वीरेश ठेवीदारांच्या बाजूने. मोठमोठे वकील वर्षभर त्यांच्या जमिनी आणि बँकेतली खाती शोधत बसले, तिथे काही सापडलं नाही. वीरेशने गावोगाव फिरून मेंढरांचे कान पाहिले. सात गावांतल्या सात कळपांत डाव्या कानाला त्याच दोन खाचा कशा, हे त्याला दिसलं. मी जन्मापासून त्याच कानांमध्ये जेवलो, झोपलो, आणि मला ते दिसलं नाही. याचा जेवढा राग मला आहे तेवढा सुंदररावांचाही नाही.

कलम ५. ऋतुजा. ती आता वीरेशच्या ऑफिसात वकिली करते. दोघांचं ठरलंय असं लोक म्हणतात. मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी मानत नाही. गेल्या महिन्यात दोघे आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसतात तिथे, आले होते. तो लेंड्यांतून बूट वाचवत चालत होता, ती सरळ चालत आली.

वडील म्हणाले, "शब्द दिलाय म्या. त्याचं पैसं कुठून आलं, ते आपून इचारायचं न्हाई."

ऋतुजा म्हणाली, "धुळाजीमामा, माझ्या आईनं जन्मभर अंगणवाडीतल्या पोरांना खिचडी खाऊ घातली. तिचं निवृत्तीचं सगळं त्या संस्थेत होतं. तुमच्या मेंढरांच्या पोटात माझी आई चरते आहे."

वडील उठून कुत्र्याला हाका मारायला गेले. कुत्रा पायाशीच बसलेला होता.

मग वीरेश मला म्हणाला, "अंगद, मी समन्स काढू शकतो. पण काढणार नाही. स्वतःहून आलास तर ये."

"लई मोठेपणा दाखवू नको बे," मी म्हणालो. "मी येतोय ते तुझ्यासाठी न्हाई."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. हेच मला त्याचं आवडत नाही. त्याला सगळं माहीत असतं.

बाकीच्या सहा कळपांतलं कुणीही तोंड उघडायला तयार नाही. म्हणून सगळं माझ्या साक्षीवर आलंय. ऋतुजाची आई वत्सलाबाई आणि बाकीच्या ठेवीदारांना काही परत मिळायचं असेल तर मी कोर्टात जिवंत पोचलं पाहिजे. साक्ष मृत्युपत्रात ठेवून जाता येत नाही, ती स्वतः उभं राहून द्यावी लागते, हे मी दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलो आहे. आणि वीरेशच्या आयुष्यातला सर्वांत मोठा खटला माझ्या तोंडून जिंकला जावा, त्याला ते मरेपर्यंत आठवत राहावं, ही माझी इच्छा आहे. ऋतुजाच्या नावे मी काहीही ठेवत नाही. ठेवलं तर लोक तिला बोलतील. माझी वकिलीची पुस्तकं कॉलेजला द्यावीत. त्यांच्या कडेला मी काय काय लिहिलंय ते तिला वाचायचं असेल तर तिने तिथे जाऊन वाचावं.

कलम ६. पेपरात बातमी आली तर साक्षीदाराचं नाव वकिलाच्या वर असावं. माझ्या फोटोसमोर वीरेशने भाषण करू नये. तो चांगलं बोलतो, लोक रडतील, आणि मग ते माझ्यासाठी रडले की त्याच्या भाषणाने, हे कुणाला सांगता येणार नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्था नाथाने पाहावी. साक्षीदार दोन लागतात. एक नाथा. दुसऱ्या सहीसाठी मी सकाळी उत्तरेश्वर दुकानदाराकडे गेलतो. तो चष्मा लावून पेपर वाचत होता. मला पाहून म्हणाला, "आरं, माझा चष्मा फुटलाय. सही कशी करू?" गावात आज बऱ्याच जणांचे चष्मे फुटलेले आहेत.

कलम ८. हे कलम आत्ता घालावं लागतंय. मी मोटारसायकलवर निघणार होतो, पण वीरेश गाडी घेऊन दारात आलाय. मी म्हणालो, "माझ्याबरोबर बसू नको. सुंदररावांची माणसं रस्त्यात असतील."

"म्हणून तर आलो. एकट्या मोटारसायकलला उडवणं सोपं असतं."

"ऋतुजानं पाठवलं का?"

"तिला माहीत नाही. माहीत असतं तर येऊ दिलं नसतं."

कुणाला येऊ दिलं नसतं, हे मी विचारलं नाही. दुसरी सही करतोस का, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला. "वाचणार न्हाईस?" "साक्षीदारानं तुला सही करताना पाहायचं असतं, मजकूर वाचायचा नसतो. दुसऱ्या वर्षाला होतं हे." आता तो ओट्यावर आईच्या हातचा चहा पितोय आणि आई त्याला म्हणतेय, "आजून एक कप घे रं बाळा, लांबून आलास." मला तिने सकाळपासून बाळा म्हटलेलं नाही. हे ऐकत मी पुढचं लिहितो.

आम्ही दोघे एकाच गाडीने निघतो आहोत. दोघांचंही बरंवाईट झालं, तर ऋतुजाने आधी माझ्याकडे यावं. त्याच्याकडे नंतर गेली तरी चालेल. त्याच्यापाशी रडायला बीडचा अर्धा बाजार येईल.

मी गेलो आणि तो वाचला, तर माझी साक्ष नाही म्हणून त्याने खटला सोडू नये. सातही गावांत पुन्हा जावं, वाड्यावर बसावं, आमच्या वडिलांपासून सुरुवात करावी. वडील त्या दिवशी बोलतील. तो हा खटला जिंकेल. मी त्याची सगळी वकिली पाहिली आहे, माझ्याइतकं खात्रीने हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

हे कलम त्याला वाचून दाखवू नये.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. खाली नाव लिहिलेल्या दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली.

ठिकाण : चकलांबा
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सही : अंगद धुळाजी देवकते

साक्षीदार :
१. नाथा खटके, रा. चकलांबा
२. अ‍ॅड. वीरेश वैजिनाथ शेटे, रा. बीड (मजकूर न वाचता. सही माझ्यापेक्षा देखणी आहे.)