पोपटरावांचं वजन

आये,

इथनंच पाया पडतो. फोनवर तू रडत बसतीस, मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितोय. राणीकडनं वाचून घे.

बातम्यांत दाखवलं ते वारं खरं होतं, पण मला काय झालं नाही. थंडीत इथली अरब माणसं हौसेनं समुद्रकाठी तंबू ठोकून राहतात. साहेबांच्या तंबूवर कामाला मी आणि आमचे जाडे ड्रायव्हर पोपटराव होतो. दुपारी वारं सुटलं, लाटा गाडीपर्यंत आल्या, ती काढता येईना, वाळूतल्या खुंट्या उपटायला लागल्या. आत साहेबांची म्हातारी आई, तिला चालता येत नाही.

तू कडब्याच्या गंजीवर दोरी टाकून दगड लोंबकळत सोडतीस ना, तसंच केलं. इथं दगड कुठला? तांदळाच्या पोत्यांत वाळू भरून बांधली. एक कोपरा राहिला, तिथं दोरीवर पोपटरावांना बसवलं. म्हटलं, "हलू नका, बिर्याणी इथंच वाढणार आहेत." वारं पडेस्तोवर बसले बिचारे. तंबू जागचा हलला नाही. म्हातारीनं खरंच बिर्याणी धाडली, तेव्हा कुठं माझ्याशी बोलले.

माझी गोधडी तेवढी समुद्रात गेली. थंडी काय फार नाही, दुसरी शिवत बसू नकोस.

राणी म्हणत होती, वारं सुटलं की तूच घराच्या पत्र्यावर चढून दगड ठेवतीस. गुडघा कसा आहे? परत चढलीस तर पोपटरावांना विमानात घालून धाडीन, पत्र्यावर बसायला. मग त्यांची बिर्याणी तुझ्याकडं.

तुझा वांड,
धनाजी